विश्लेषण : सुई नाही, टाके नाहीत... मग चेहरा ‘टाइट’ होतो कसा? आणि धोका नेमका कुठे असतो?

“सुई नाही, टाके नाहीत, सुट्टीही नको. जेवणाच्या सुट्टीत या आणि चेहरा घट्ट करून जा.” लग्नसराई जवळ आली की अशा जाहिरातींनी मोबाइल भरून जातो. पूर्वी या जाहिराती मुंबईतल्या मोजक्या स्किन क्लिनिकच्या असायच्या. आता नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरातली क्लिनिकं आणि पार्लरही हायफू, आरएफ, मायक्रोकरंट अशी नावं सर्रास वापरतात. नवरीसोबत नवरीच्या आईसाठीही पॅकेज असतं.

याच काळात अमेरिकेतून एक इशारा आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हणजे एफडीएने ‘आरएफ मायक्रोनीडलिंग’ या उपचाराबद्दल सावध केलं. बारीक सुयांमधून त्वचेखाली उष्णता सोडणाऱ्या या यंत्रांमुळे भाजणं, व्रण राहणं, चेहऱ्यावरची चरबी कमी होणं, चेहरा विद्रूप होणं आणि नसांना इजा होणं अशा तक्रारी आल्या होत्या. काही जणांना दुरुस्तीसाठी शस्त्रक्रियेची गरज पडली. हा वैद्यकीय उपचार आहे, फेशियलसारखी सौंदर्यसेवा नाही आणि ही यंत्रं घरी वापरू नयेत, असंही एफडीएने बजावलं.

या यंत्रात निदान सुया तरी असतात. ज्यात सुईही नसते, ते उपचार पूर्ण सुरक्षित असतात का? त्यांचा खरंच उपयोग होतो का? यंत्र चेहऱ्यावर फिरवल्यावर आत नेमकं काय होतं?

चेहरा सैल का पडतो?

चेहरा म्हणजे एकावर एक रचलेले थर आहेत. सर्वांत खाली हाड, त्यावर स्नायू, स्नायूंच्या वर-खाली चरबीच्या छोट्या गाद्या आणि सर्वांत वर त्वचा. वय वाढतं तसं या सगळ्या थरांमध्ये बदल होतात.

त्वचेला ताठपणा देतं ते कोलॅजन नावाचं प्रथिन. त्याची रचना तीन पदरी दोरासारखी असते. प्रौढ वयात कोलॅजन दरवर्षी साधारण एक टक्क्याने कमी होत जातं. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यानंतर हा वेग वाढतो आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होऊ शकतं. ऊन आणि सिगारेट यात आणखी भर घालतात.

त्याच वेळी चरबीच्या गाद्या काही ठिकाणी आटतात, काही ठिकाणी खाली सरकतात. जबड्याचं आणि डोळ्यांभोवतीचं हाडही झिजतं. गाल ओघळतात, जबड्याची रेषा पुसट होते, हनुवटीखाली लोंबतं. म्हणजे सैल दिसणारी त्वचा हा प्रश्नाचा फक्त एक भाग असतो. एकच यंत्र या सगळ्या थरांवर काम करू शकत नाही आणि जाहिरातीत नेमकं हेच सांगितलेलं नसतं.

उष्णतेने त्वचा घट्ट कशी होते?

त्वचा घट्ट करणाऱ्या बहुतेक यंत्रांचं तत्त्व एकच आहे. त्वचेचा वरचा थर न जाळता खालच्या थराला मोजून मापून उष्णता द्यायची.

मटणाचा तुकडा शिजताना आक्रसतो, त्यामागचं एक मोठं कारण कोलॅजन असतं. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला कोलॅजनच्या दोराचे पीळ सुटतात आणि तंतू आखूड होतात. चेहऱ्यावर हीच क्रिया अगदी छोट्या जागेत, काही क्षणांपुरती घडवली जाते. पण खरा परिणाम त्यानंतर सुरू होतो. शरीराला ही जागा जखमी वाटते आणि ते दुरुस्तीला लागतं. त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी नवं कोलॅजन तयार करू लागतात. या कामाला वेळ लागतो. म्हणून फरक दिसायला दोन-तीन महिने, कधी सहा महिने जातात. सिटिंग झाल्या झाल्या चेहरा तजेलदार दिसतो, त्यात थोड्या सुजेचा आणि वाढलेल्या रक्तप्रवाहाचाही वाटा असतो.

उष्णता देण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजेच आरएफ. यात विद्युतचुंबकीय ऊर्जा त्वचेतून जाते आणि ऊतींच्या विरोधामुळे तिथे उष्णता तयार होते. ‘थर्मेज’ या यंत्राला डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली होती. म्हणजे हे तंत्र दोन दशकांहून जुनं आहे.

दुसरा अल्ट्रासाउंड. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत वापरतात त्याच जातीच्या ध्वनिलहरी, पण खूप तीव्र आणि एका बिंदूवर एकवटलेल्या. भिंगाने ऊन कागदावर एका ठिपक्यात गोळा करावं तसं. हायफू म्हणतात ते हेच. या लहरी त्वचेखाली साधारण १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटर खोलीवर पोहोचतात. सर्वांत खोल पातळीवर ‘स्मास’ नावाचा पडदा असतो. शस्त्रक्रिया करून फेसलिफ्ट करताना सर्जन हाच थर ओढून घट्ट करतात. या प्रकारातल्या ‘अल्थेरा’च्या यंत्राला भुवया किंचित उचलण्यासाठी २००९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

भारतीय त्वचेसाठी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. लेझर आणि तीव्र प्रकाशाचे अनेक उपचार त्वचेतल्या मेलॅनिनवर म्हणजे रंगद्रव्यावर परिणाम करतात. त्यामुळे सावळ्या त्वचेवर चुकीच्या सेटिंगने भाजण्याची आणि काळे डाग पडण्याची भीती जास्त. आरएफ आणि अल्ट्रासाउंड रंगद्रव्यावर अवलंबून नसतात. त्यामुळे हे उपचार आपल्या त्वचेला तुलनेने सोयीचे मानले जातात. पण उष्णता चुकीच्या जागी किंवा जास्त प्रमाणात गेली, तर व्रण आणि डाग इथेही पडतात.

वीज देऊन स्नायूंचा ‘व्यायाम’ होतो का?

चेहऱ्याच्या स्नायूंची एक खासियत आहे. हात-पायांचे स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र एका टोकाला थेट त्वचेला चिकटलेले असतात. म्हणूनच आपल्याला हसता येतं, भुवया उंचावता येतात. आणि म्हणूनच स्नायू कमकुवत झाला किंवा बळकट झाला तर त्याचा परिणाम त्वचेवर दिसू शकतो, असं या उपचारांमागचं गृहीतक आहे.

चेहऱ्याचे स्नायू विजेने हलवण्याची कल्पना नवी नाही. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ साली याच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. त्यांनी चेहऱ्यावर विजेची टोकं लावून एकेक स्नायू आकुंचित केला, कोणत्या स्नायूने कोणता भाव उमटतो ते नोंदवलं आणि त्याचे फोटोही काढले. आजची यंत्रं याच ज्ञानावर उभी आहेत.

यातही दोन प्रकार आहेत आणि जाहिरातींमध्ये त्यांची सरमिसळ होते. मायक्रोकरंटमध्ये एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह असतो. तो बऱ्याचदा जाणवतही नाही आणि त्याने स्नायू ठळकपणे आकुंचन पावत नाही. घरी वापरायची बरीच छोटी यंत्रं या प्रकारातली असतात. त्यांचा परिणाम सौम्य असतो आणि वापर थांबवला की ओसरतो.

दुसऱ्या प्रकारात प्रवाह इतका तीव्र असतो की स्नायू आपोआप आकुंचन पावतो. ‘एमफेस’ हे यंत्र यातलं सध्याचं सर्वांत चर्चेतलं नाव. बीटीएल या कंपनीने ते २०२२ मध्ये आणलं. कपाळावर आणि गालांवर पट्ट्या चिकटवल्या जातात. त्यातून त्वचेला आरएफची उष्णता आणि स्नायूंना विजेचे झटके एकाच वेळी मिळतात. साधारण २० मिनिटांची एक, अशा चार सिटिंग सुचवल्या जातात.

बोटॉक्सने स्नायू ढिले करायचे आणि इथे घट्ट करायचे? मग खरं काय?

हा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो रास्त आहे. बोटॉक्स भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं. ते स्नायू तात्पुरता सैल करतं. मग स्नायू बळकट केल्याने सुरकुत्या वाढणार नाहीत का?

उत्तर आहे, कोणता स्नायू? चेहऱ्यावर काही स्नायू वर ओढणारे आहेत, काही खाली किंवा आत ओढणारे. भुवयांमध्ये आठ्या पाडणारे स्नायू आत आणि खाली ओढतात. बोटॉक्स मुख्यतः त्यांना शांत करतं. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारे झायगोमॅटिक स्नायू वर ओढतात. विजेच्या उपचारात अशाच वर ओढणाऱ्या स्नायूंवर काम होतं. म्हणजे दोन्ही उपचारांचा हेतू एकच, मार्ग वेगळे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पट्टी कुठे लावायची, हे शरीररचना माहीत असलेल्या व्यक्तीनेच ठरवायला हवं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हे येत नाही.

मग फरक किती पडतो?

फरक पडतो, पण तो मध्यम असतो. सुरुवातीचा, थोडा सैलपणा असेल तर जास्त समाधान मिळतं. त्वचा खूप लोंबत असेल तर यंत्राचा फारसा उपयोग होत नाही.

अंदाजासाठी एक अभ्यास पाहू. २०१० मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात आरएफ उपचार आणि फेसलिफ्ट शस्त्रक्रिया यांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात सुया घालून दिलेल्या आरएफचा परिणाम शस्त्रक्रियेच्या सुमारे ३७ टक्के भरला. आरएफ घेतलेले रुग्ण अवघे १५ होते. सुई नसलेल्या उपचारांकडून याहून मोठी अपेक्षा ठेवणं कठीण आहे.

स्नायूंच्या बाबतीत यंत्राशिवाय केलेला एक अभ्यासही उद्बोधक आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या व्यायामाचा प्रयोग केला. २०१८ मध्ये तो ‘जामा डर्मेटॉलॉजी’मध्ये आला. ४० ते ६५ वर्षांच्या २७ महिलांनी सुरुवात केली. आठ आठवडे रोज अर्धा तास आणि पुढे २० व्या आठवड्यापर्यंत दिवसाआड व्यायाम करायचा होता. शेवटपर्यंत टिकल्या १६ जणी. फोटो पाहून डॉक्टरांनी लावलेला त्यांच्या वयाचा सरासरी अंदाज ५०.८ वरून ४८.१ वर आला. गाल भरलेले दिसू लागले, इतर बऱ्याच खुणांमध्ये फरक पडला नाही. व्यायाम न करणाऱ्यांचा गट तुलनेसाठी नव्हता, ही यातली त्रुटी.

या क्षेत्रातल्या बऱ्याच अभ्यासांची स्थिती अशीच आहे. सहभागी मोजके, पाठपुरावा काही महिन्यांचा आणि अनेकदा पैसा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा. ‘एफडीए मान्यताप्राप्त’ या शब्दांकडेही नीट पाहायला हवं. अशी बरीच यंत्रं अमेरिकेत ‘५१०(के)’ या मार्गाने बाजारात येतात. हे यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या यंत्राशी मिळतंजुळतं आहे, एवढं त्यात दाखवावं लागतं. नव्या औषधासाठी लागतात तशा मोठ्या चाचण्या यात सहसा नसतात. शिवाय परवानगी ठराविक वापरापुरती असते. भुवयांसाठी मिळालेली परवानगी पूर्ण चेहऱ्याची जाहिरात करायला पुरत नाही.

सुई नसताना इजा कशी होते?

कारण उपचाराचं तत्त्वच नियंत्रित इजेचं आहे. नियंत्रण सुटलं की उरते फक्त इजा.

हायफूची लहर चुकीच्या खोलीवर गेली तर चरबी वितळू शकते आणि गाल कायमचे बसतात. जबड्याच्या कडेने आणि कानशिलाजवळून चेहऱ्याच्या नसा जातात. त्यांना धक्का लागला तर ओठ किंवा भुवई काही आठवडे वाकडी राहू शकते. डोळ्याच्या फार जवळ हायफू दिल्याने मोतीबिंदू झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत.

कधी कधी शरीराची प्रतिक्रियाच उलटी असते. सुपरमॉडेल लिंडा इव्हान्जेलिस्टाने सप्टेंबर २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर लिहिलं की, चरबी गोठवून कमी करणाऱ्या ‘कूलस्कल्प्टिंग’ उपचारानंतर तिची चरबी कमी होण्याऐवजी वाढली आणि घट्ट झाली. तिने कंपनीवर पाच कोटी डॉलरचा दावा लावला. २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. हा उपचार थंडीचा होता, उष्णतेचा नव्हे. पण तोही ‘बिनाशस्त्रक्रिया’ म्हणूनच विकला जात होता.

वजन कमी करणाऱ्या औषधांचा यात काय संबंध?

भारतात मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही आलं. या इंजेक्शनांनी वजन झपाट्याने उतरतं आणि त्यासोबत चेहऱ्याची चरबीही. गाल खोल जातात, त्वचा लोंबते. समाजमाध्यमांवर याला ‘ओझेम्पिक फेस’ म्हणतात. असे लोक आता त्वचा घट्ट करण्याच्या उपचारांकडे वळत आहेत.

इथे जास्त काळजी हवी. अशा चेहऱ्याची मुख्य अडचण चरबी कमी झाल्याची असते. खोलवर दिलेल्या उष्णतेने उरलीसुरली चरबीही गेली, तर चेहरा आणखी ओढलेला दिसेल. वजन स्थिर होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

भारतात कायदा काय म्हणतो?

यंत्रांसाठी नियम आहेत. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या व्याख्येत आली. जोखमीनुसार त्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. सी आणि डी वर्गातल्या उपकरणांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे.

यंत्र कोण चालवतं, हा प्रश्न मात्र अर्धवटच सुटलेला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केस प्रत्यारोपण आणि सौंदर्य शस्त्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूब किंवा कार्यशाळेत पाहून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. पण सूचनांचा रोख शस्त्रक्रियेवर होता. सुई-टाके नसलेले उपचार याच फटीतून पार्लरपर्यंत पोहोचतात.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. इथला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. भाड्याच्या गाळ्यात एक खुर्ची आणि एक यंत्र ठेवून सुरू केलेल्या ‘एस्थेटिक स्टुडिओ’वर नजर कोणाची, याचं सोपं उत्तर मिळत नाही.

ग्राहकाच्या हातात काही साधनं आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. आरोग्य विमा मात्र केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च सहसा देत नाही. म्हणजे उपचाराचा खर्च खिशातूनच करावा लागतो.

सिटिंग बुक करण्यापूर्वी काय विचारायचं?

यंत्राचं नाव आणि कंपनी विचारा. ‘कोरियन मशीन आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. नामांकित यंत्रांच्या स्वस्त नकला बाजारात आहेत आणि त्यांची उष्णता कुठे, किती जाते याची खात्री नसते. भारतातला परवाना किंवा नोंदणी दाखवायला सांगा.

यंत्र प्रत्यक्षात कोण चालवणार, हे विचारा. पाटीवर डॉक्टरांचं नाव आणि खोलीत वेगळीच व्यक्ती, असं चालणार नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते.

तुमचा वैद्यकीय इतिहास विचारला जातो का, हे पाहा. पेसमेकर असेल, गरोदर असाल, चेहऱ्याच्या हाडात धातूची प्लेट असेल, फेफरं येत असेल, चेहऱ्यावर संसर्ग असेल किंवा नुकतेच फिलर घेतले असतील, तर यातले अनेक उपचार टाळावे किंवा पुढे ढकलावे लागतात. हे न विचारता थेट पॅकेजचे दर सांगणाऱ्या ठिकाणाहून परत फिरणं चांगलं.

लग्नाची तारीख ठरली असेल तर हिशोब आधीच करा. कोलॅजनला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे हळदीच्या आठ दिवस आधी पहिल्यांदाच असा उपचार घेण्यात फायदा कमी आणि डाग किंवा सूज राहण्याची जोखीम जास्त. आधीचा-नंतरचा फोटो दाखवला तर दोन्हींत प्रकाश, मेकअप आणि मानेचा कोन सारखा आहे का ते बघा. हनुवटी जराशी वर उचलली तरी जबड्याची रेषा ‘टाइट’ दिसते.

स्वस्त पर्याय आहे का?

आहे. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वय वाढल्याच्या खुणा २४ टक्के कमी दिसल्या. तुलना होती मनात येईल तेव्हा सनस्क्रीन लावणाऱ्यांशी. त्यासोबत धूम्रपान बंद करणं आणि गरज पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने रेटिनॉइड क्रीम वापरणं. हे रीलमध्ये छान दिसत नाही, पण यामागचा पुरावा बऱ्याच महागड्या यंत्रांपेक्षा भक्कम आहे.

यंत्रांचे उपचार खोटे नाहीत. उष्णतेने नवं कोलॅजन तयार होतं, विजेने स्नायू आकुंचन पावतात, हे शरीरशास्त्र पक्कं आहे. पण परिणाम मर्यादित असतो आणि तो टिकवायला पुन्हा पुन्हा सिटिंग घ्यावी लागते. वय वाढणं काही थांबत नाही. ज्या उपचारात त्वचेच्या आतलं तापमान ६० अंशांच्या वर जातं, त्याला फेशियल समजून खुर्चीत बसू नका. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जे प्रश्न विचारले असते, ते सगळे इथेही विचारा.